चाळीस मैलांचा गॅलन

"पॉइंट सात... पॉइंट आठ... पॉइंट नऊ..."

चर्चसमोरच्या पेट्रोल पंपावर जमलेली साठ-सत्तर माणसं मोठमोठ्याने आकडे मोजत होती. हातात चर्चच्या नाश्त्याच्या कागदी बशा, बशांत पॅनकेक, पॅनकेकवरचा पाक मनगटावर ओघळतोय, पण खाली बघतोय कोण? सगळ्यांचे डोळे पंपाच्या आकड्यांवर: भरल्या टाकीने चाळीस मैल फिरून आलेली गाडी पुन्हा काठोकाठ भरायला किती पेट्रोल लागतं? 'पॉइंट नऊ आठ' गॅलनवर, म्हणजे जेमतेम पावणेचार लिटरवर, नळी खट्कन थांबली आणि एकच कल्ला झाला.

"एक गॅलनसुद्धा नाही!" गावोगाव फिरणारा उपदेशक ब्रदर रॉइस लाल पिकअपच्या पायरीवर चढून ओरडला. "चाळीस मैल! आठ सिलेंडरचं धूड! तुमच्या आजोबांच्या काळातली गाडी! आणि प्यायली किती? चिमणीएवढं! बोला, कोणी केलं हे?"

"देवाने!" गर्दी म्हणाली.

"कशातून केलं?"

"कृपानळीतून!"

कृपानळी म्हणजे रॉइस विकत असलेला बोटभर लांबीचा पितळी तुकडा, आत एक चुंबक. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर तो अडकवायचा, वर हात ठेवून प्रार्थना करायची, की झालं. पेट्रोलचे कण म्हणे ओळीत उभे राहतात, शाळेतल्या पोरांसारखे. कोणी उभे केले, कोणी पाहिले, हे विचारायचं नाही. विचारलं की तुमची श्रद्धा कच्ची.

गर्दीच्या कडेला मेल्बा स्टिडम हाताची घडी घालून उभी होती. अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरातल्या या कोल्टर्स मिल गावात वीस वर्षं ती घरोघर फिरून वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करत आली होती. धंदा तिचा आणि धाकट्या भावाचा, वेंडलचा, दोघांच्या नावावर. त्यांची जुनी गाडी महिन्यापूर्वी मेली. शहरातल्या विक्रेत्याने मेल्बासाठी एक छोटी हायब्रीड पिकअप राखून ठेवली होती, आज दुपारी बारापर्यंत. सही दोघांची लागणार होती. आणि वेंडलने कालच जाहीर केलं होतं की तो सही करणार नाही.

आता तो गर्दीतून धक्के मारत तिच्याकडे आला. चेहरा लाल, ओठाच्या कोपऱ्यात पाक.

"बघितलंस? बघितलंस ना स्वतःच्या डोळ्यांनी? ब्रदर रॉइस आपल्याला असलीच एक गाडी मिळवून देतोय. खरी गाडी! ते तुझं खेळणं राहू दे तिकडेच."

"त्या खेळण्यात वॉशिंग मशीन आणि ड्रायर शेजारी शेजारी उभे राहतात. मी टेप लावून मोजलंय."

"लोक हसतील, मेल्बा. बाबा काय म्हणाले असते?"

"बाबा म्हणाले असते, आधी बॉनेट उघड."

रॉइसने ते ऐकलं. असल्या माणसांचे कान फार तीक्ष्ण असतात, विशेषतः गिऱ्हाईक निसटताना. तो पायरीवरून उतरला, टोपी छातीशी धरली आणि आवाजात मध कालवला.

"सिस्टर मेल्बा, त्या शहरी लोकांना तुला लहान करायचंय. छोटी गाडी, छोटं घर, छोटा देव. आपला देव छोटा आहे का गं?"

"देवाचं माप माझ्याकडे नाही, ब्रदर. माझ्याकडे मशीनचं माप आहे. मला एक फेरी मारू द्या तुमच्या गाडीतून."

रॉइसच्या हसण्याला क्षणभर बारीक चीर गेली. पण साठ-सत्तर माणसं बघत होती. नाही कसं म्हणणार?

"या ना! पास्टर ओटिस, तुम्हीही चला. मात्र एक नियम आहे, सिस्टर. पुलावर एक प्रार्थना आणि परत येताना कब्रस्तानाच्या वळणावर एक. मान खाली, डोळे बंद. उघड्या डोळ्यांसमोर कृपा थांबत नाही."

हे वाक्य मेल्बाने नीट लक्षात ठेवलं. वॉशिंग मशीन बिघडलं की लोक तिला सांगत, 'तू नसताना आवाज येतो, तू आलीस की बंद.' तेव्हा ती म्हणायची, 'मग मी इथेच बसते.' आज तिने तसंच करायचं ठरवलं.

तिघे पुढच्या एकाच लांब सीटवर बसले. रॉइस स्टिअरिंगशी, मध्ये मेल्बा, दाराशी म्हातारे पास्टर ओटिस. पास्टर भला माणूस. गावात कोणी मेलं की सर्वांत आधी पोचणार, सर्वांत शेवटी निघणार. चर्चच्या छपरातून पाणी गळत होतं आणि रॉइसने त्यांना नवं छप्पर कबूल केलं होतं. भल्या माणसाला फसवायला त्याची गरज पुरते.

रॉइसची टकळी चालू होती. डेट्रॉइटच्या एका इंजिनिअरने कृपानळी पाहिली आणि गुडघ्यांवर कोसळला. एका तेल कंपनीने तिला दडपायला माणसं पाठवली, ती माणसं रडत परत गेली. इंजिनिअरचं नाव काय, हे मेल्बाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा रॉइसला रस्त्यावर हरीण दिसलं.

बारा मैलांवर नदीचा पूल आला. रॉइसने वेग कमी केला.

"मान झुकवा, डोळे मिटा. मी मात्र गाडी चालवतोय, देव मला माफ करतो." तो हसला आणि गंभीर आवाजात सुरू झाला, "हे स्वर्गीय पित्या..."

पास्टरनी डोळे मिटले. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाची मान 'पित्या' शब्दाला आपोआपच खाली जाते. मेल्बाचीही गेली. तिने केस पुढे ओढले आणि केसांच्या आडून रॉइसच्या हातांकडे पाहत राहिली.

उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा हळूच खाली सरकला, दिव्याच्या बटणाखाली गेला. बारीक 'टक्' असा आवाज झाला. पेट्रोलचा काटा, जो अगदी वरच्या टोकाला होता, तो किंचित खाली बसला.

"आमेन," रॉइस म्हणाला.

"आमेन," पास्टर म्हणाले.

मेल्बाने काट्याची जागा मनात टिपून ठेवली.

धरणाला वळसा घालून गाडी परतली. गाव दोन मैलांवर असताना कब्रस्तानाचं वळण आलं. पुन्हा मान खाली, पुन्हा स्वर्गीय पिता, पुन्हा डावा हात, पुन्हा 'टक्'. आणि या वेळी मेल्बाने जे पाहिलं, त्याने तिला हसूच फुटणार होतं. काटा वर चढला. इंजिन पेट्रोल जाळतंय आणि टाकी भरत चालली आहे!

पंपावर गर्दी वाटच बघत होती. पंपाचा मालक होयट नळी घेऊन पुढे झाला, लोकांनी मोजायला तोंडं उघडली. पॉइंट नऊ सात. पुन्हा कल्ला, टोप्या हवेत.

"झालं समाधान, सिस्टर?" रॉइस म्हणाला.

"एक प्रश्न आहे. पास्टर, वळणावर प्रार्थना चालू असताना पेट्रोलचा काटा कुठे होता?"

पास्टर गोंधळले. "माझे डोळे मिटलेले होते, मेल्बा. प्रार्थनेत मिटतोच ना आपण."

"मी नाही मिटले. काटा वर चढत होता."

गर्दीत कुजबुज झाली. एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, टाकी भरत होती!" आणि रॉइसने ते वाक्य हवेतच झेललं.

"ऐकलंत? अविश्वासू बाईच्या तोंडून साक्ष! देव टाकी भरतो!"

"भरत असेल," मेल्बा म्हणाली. "मग भरलेली दाखवू या की."

ती गाडीच्या मागच्या चाकाकडे गेली. तिथे पत्र्यावर हातभर रुंदीची पाटी चिकटवलेली होती, 'देव पुरवतो.' चुंबकाची पाटी. गावातले सुतार-प्लंबर गाडीला लावतात तसली, हवी तेव्हा काढता येणारी. मेल्बाने तिच्या कोपऱ्यात नख घातलं.

"हात लावू नकोस!" रॉइसच्या आवाजातला मध एका क्षणात आटला. "ती अभिषेक केलेली आहे! वेंडल, आवर तुझ्या बहिणीला!"

वेंडल एक पाऊल पुढे आला. मेल्बाने त्याच्याकडे पाहिलं.

"आवर. ये ना. सगळ्या गावासमोर आवर मला. पण आधी सांग, पाटीखाली काही नसेल तर हा माणूस एवढा का घाबरलाय?"

वेंडल जागीच थांबला. ती पाटीकडे वळली आणि एका झटक्यात पाटी उपटली.

खाली पेट्रोल भरायचं दुसरं झाकण होतं.

मग होयट म्हातारा नळी हातात धरूनच हळू म्हणाला, "दोन टाक्या."

"हो, दोन टाक्या!" मेल्बा आता गर्दीकडे तोंड करून बोलत होती. "होयट, तुमच्याकडे होती ना असलीच गाडी? आमच्या बाबांकडेही होती. त्या काळच्या निम्म्या गाड्यांना दोन टाक्या असायच्या, हे इथल्या प्रत्येक पुरुषाला पाळण्यापासून माहीत आहे. पुढची संपली की बटण दाबायचं, मागची चालू. आणि काटा जी टाकी चालू तिचीच पातळी दाखवतो. तुम्ही हे विसरलात कसे? विसरला नाहीत. तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि तुम्ही मिटलेत!"

"होयट," ती वळली, "आता यात भरा. आणि मोजा रे, मघाशी घसा फुटेपर्यंत मोजत होतात ना? मोजा!"

होयटने झाकण उघडलं. पंप घरघरला. पहिल्यांदा दोघा-तिघांनी सवयीने मोजलं. एक गॅलन झाला. दोन झाले. आवाज गळत गेले. तीन झाले तेव्हा फक्त पंप बोलत होता. तीन पॉइंट आठला नळी थांबली.

"सकाळपासून दोन फेऱ्या, ऐंशी मैल," मेल्बा म्हणाली. "पुढच्या टाकीत दोन वेळा मिळून जवळपास दोन गॅलन, मागच्या टाकीत चारच्या जवळ. करा भागाकार. गॅलनला चौदा मैलसुद्धा नाहीत. ही गाडी चाळीस वर्षांपूर्वी जेवढी पीत होती तेवढीच आजही पितेय. पितळी तुकड्याने तिच्यात काही केलेलं नाही. पुलापासून वळणापर्यंत ती मागच्या टाकीवर धावते आणि तुम्ही पुढची भरता. एवढाच चमत्कार!"

रॉइस गाडीत चढला. जाता जाता खिडकीतून म्हणाला, "नरकात गाड्या नसतात, सिस्टर."

"मग तुम्हाला चालतच जावं लागेल," होयट म्हणाला. "दोन्ही टाक्यांचे पैसे देऊन जा."

लोक हसले, पण ते हसू कडू होतं. कितीतरी जणांच्या खिशात कृपानळ्या होत्या. वेंडलच्या खिशात तर दोन. त्याने त्या बाहेर काढल्या, पाहिल्या, आणि मग हरलेला माणूस चिडतो तसा बहिणीवरच चिडला.

"आणि तुझी हायब्रीड? तीही गॅलनला चाळीस मैल देते म्हणे. तो चमत्कार नाही वाटतं?"

"बरं विचारलंस. ऐक. आपण दिवसाला बारा-पंधरा घरी थांबतो. दर वेळी ब्रेक दाबतो. साध्या गाडीत तो सगळा जोर चाकांत तापून वाया जातो. हिच्यात ब्रेक दाबला की मोटर उलटी फिरते आणि त्या जोराची वीज बॅटरीत जाते. पुढच्या वेळी निघताना तीच वीज गाडी ढकलते. म्हणून गावात, जिथे थांबणं जास्त, तिथे ती वाचवते. हायवेवर तेवढं वाचवत नाही. आणि होयटची गुरांची ट्रॉली तिला ओढवणार नाही, त्यांनी घेऊ नये. बघ, यात कुठे डोळे मिटायचे आहेत?"

"तूही कंपनीचंच सांगतेस. ते खोटं नसेल कशावरून?"

"नसेलच असं मी कुठे म्हणते? मी एक दिवस ती आपल्या नेहमीच्या घरांवर फिरवली. आधी होयटकडे भरली, नंतर होयटकडेच भरली. अडतीस मैल पडले, चाळीस नाहीत. आता तू फिरव. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः भर, स्वतः मोज, आणि एकच टाकी आहे ना हे आधी खाली वाकून बघ."

वेंडलने नळ्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. पास्टर ओटिसनी खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली. ते म्हणाले, "चला, मी सोडतो तुम्हाला शहरात. बारा वाजायला वेळ आहे." गाडीशी गेल्यावर हळूच पुढे म्हणाले, "छप्पर गळतंय तर गळू दे. आपण बादल्या ठेवू. मेल्बा, मी पन्नास वर्षं डोळे मिटून प्रार्थना केली. देवाने कधी सांगितलं नव्हतं गं मिटायला."

ज्याला प्रार्थना करायची आहे त्याने खुशाल करावी. ती त्याची आणि त्याच्या देवाची गोष्ट. पण तुमच्या पैशाशी, पोटाशी, औषधाशी गाठ असलेल्या जागी कोणी 'डोळे मिटा' म्हणाला, की आधी त्याचे हात बघा. त्या घडीला तुमच्या डोळ्यांची खरी गरज असते, म्हणूनच तो ते मागतो. खऱ्या गोष्टीला तुमच्या नजरेची भीती नसते. ती शंभर वेळा तपासा, शंभर वेळा तशीच निघते. जी एकदा तपासली तरी बिघडते, ती देवाची नव्हे, भामट्याची.

पावणेबाराला दोघं भावंडं विक्रेत्याच्या टेबलासमोर बसली. विक्रेत्याने अकरा पानांचा गठ्ठा पुढे सरकवला, शेवटचं पान उलटून पेन ठेवलं आणि गोड हसला.

"नेहमीचेच कागद आहेत, मॅडम. वाचत बसू नका, बारा वाजतील. इथे आणि इथे सही."

वेंडलने पेन उचललं. मेल्बाने त्याच्या मनगटावर हात ठेवला, पण तोवर त्यानेच पेन खाली ठेवलं होतं. गठ्ठा उलटा करून त्याने पहिलं पान वर आणलं आणि विक्रेत्याकडे मान वर करून पाहिलं.

"वाजू देत बारा," तो म्हणाला. "मी वाचणार आहे."