सहा वर्षं गप्प राहिलेला तारा

प्रबंध पुण्याला जमा करून रागिणी आठ दिवसांसाठी कळमनुरीजवळच्या आपल्या गावी आली होती. सात वर्षं तिनं एकाच जोडताऱ्यावर पाळत ठेवली होती. एक प्रचंड तारा, आणि त्याच्याभोवती फिरणारा, एखाद्या तालुक्यात मावेल एवढा मेलेला तारा. मोठ्याभोवती वायूची चकती असली की मेलेला ती ओढून घेतो आणि क्ष-किरणांचा भडका उडतो. पण गेली सहा वर्षं भडका नव्हता. चकती विरली, आता दहा वर्षं तरी इथं काही व्हायचं नाही, असं तिनं शेवटच्या प्रकरणात ठासून लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी सवयीनं तिनं मोबाइलवर त्या ताऱ्याचे, उपग्रहानं मोजलेल्या क्ष-किरणांचे आकडे उघडले. रोज दोन-तीन असणारा आकडा एकशे ऐंशी होता.

ती मेंढ्यांच्या वाडग्याच्या कुडाला टेकून खाली बसली. मेंढ्या सोडणारे तिचे वडील, मसाजी, थांबले.

"काहून बसलीस गं?"

"बाबा, मी लिवलेलं खोटं निघालं."

उपकरण बिघडलं असेल म्हणून तिनं शेजारच्या ताऱ्याचे आकडे पाहिले. ते रोजच्यासारखेच होते. तिनं मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. आकडा सांगितला.

"जगभरच्या वेधशाळांना सूचना तुझ्याच नावानं जाईल," त्या म्हणाल्या. "आणि प्रबंध परीक्षकांच्या हातात आहे. विचार कर."

"गप बसलीस तर?" मसाजींनी विचारलं.

"दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिसंल. तवर भडक्याची सुरुवात हातची गेलेली असंल."

"कवा झालं हे?"

रागिणीनं वर पाहिलं. "तिथून उजेड यायला वीस हजार वर्षं लागतेत, बाबा."

"म्हंजे तू लिवलं तवा होऊन गेलतं?"

"व्हय."

हे तिला ठाऊक होतं, पण आज ते छातीवर आदळलं. ती वाक्य जुळवत बसली होती तेव्हा भडका वाटेतच होता.

तिनं सूचना टंकली. शेवटी लिहिलं: या ताऱ्याबद्दलचा माझा निष्कर्ष चुकला आहे. आणि पाठवून दिली.

दुपारपर्यंत दोन देशांच्या दुर्बिणी तिकडं वळल्या होत्या. आकडा चारशेवर गेला. महिन्याभरानं प्रबंध परत आला, शेवटचं प्रकरण नव्यानं लिहा म्हणून. त्या मंगळवारी मात्र रागिणी आकड्यांवरून उठलीच नाही; भागाबाईनं, तिच्या आईनं, वाढलेली भाकरी संध्याकाळपर्यंत ताटात तशीच होती.