पुढे बसलेली बाई

ओसाकात आल्यापासून चार वर्षं वैभवीने एकच नेम पाळला होता: बाकीचे करतील तसं करायचं. पहिल्याच महिन्यात तिने कचरा भलत्या वारी बाहेर ठेवला, तेव्हा इमारतीच्या मॅनेजरने पिशवी परत दाराशी आणली आणि वर स्वतःच वाकून माफी मागितली. त्या माफीने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. तेव्हापासून तिचा नवरा शिरीष रोज ऑफिसातून आला की आधी विचारी, आज काही झालं नाही ना? असा राग यायचा तिला!

अशात सीडीच्या दुकानात हेडफोनवर तिला एक इंग्लिश बँड सापडला. गाणारा कण्हत होता, मागे कुणीतरी पत्रा कापत होतं. ती हबकलीच. पण बोटांच्या पेरांवर मोजल्या तर मात्रा चोख अकरा, आणि पत्रा तुटायचा तो बरोबर समेवर. पुण्यात बारा वर्षं गाणं शिकलेल्या बाईला एवढं पुरे होतं. बँड ओसाकात येतोय कळल्यावर रविवारी दुपारी तिने शिरीषला हट्टाने नेलं.

"तिथे काही वेगळं करू नकोस," एवढंच तो म्हणाला.

शिरीष कोट ठेवायला गेला. हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती. म्हणजे बैठकच की, असं समजून वैभवीने सगळ्यांत पुढे फतकल मारली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भोवती नुसते पाय. शिरीष भिंतीपाशी पांढराफटक पडून उभा. उभ्याने ऐकायचा कार्यक्रम होता हा! उठावं तरी शोभा, बसावं तरी शोभा.

तेवढ्यात शेजारच्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. मग मागचे चौघं, मग अख्खी रांग. या चक्रम बँडची हीच रीत असणार, असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. बघता बघता दोनशे माणसं जमिनीवर.

बँड आला. गाणाऱ्याच्या अंगात स्वयंपाकाचा एप्रन, हातात करवत. समोर बघून तोच थिजला. मग त्यानेही स्टेजवर मांडी घातली.

शिरीष वाकत वाकत येऊन तिच्याजवळ बसला. करवत करकरायला लागली. आता हा चिडणार, म्हणून वैभवी मान खाली घालून बोटांवर मात्रा मोजत राहिली. करवत करकरायला लागली. शिरीषने मागे पाहिलं, तर सगळ्यांचे डोळे वैभवीच्या हातावर.

"वैभवी," तो हळूच म्हणाला, "टाळी केव्हा द्यायची?"

चार वर्षांत त्याने तिला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. तिने त्याचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्या बोटांवर मोजायला लागली.