यंत्राला पाठ

आक्कांच्या जिभेला कधी कुणी लगाम घातला नव्हता. सासूला ते जमलं नाही आणि नवऱ्याने कधी प्रयत्नच केला नाही. ती जीभ आयुष्यात एकदाच आपण होऊन गप्प बसली, आणि बसली ती नेमकी बोलायच्या वेळी.

झालं ते असं. आक्का थोरल्याकडे परदेशात राहायला आल्या त्याला बरेच दिवस झाले होते. येताना बदलून आणलेले तिथले पैसे संपले. थोरला म्हणाला, "आक्का, लागतील तेवढे माझ्याकडून घे ना."

"तुझे तुलाच पुरोत," आक्का म्हणाल्या. "तुझे वडील माझ्यामागे पेन्शन ठेवून गेले ते काय देव्हाऱ्यात ठेवायला? मुलापुढे हात पसरला की त्याच्या घरचा घास घशाखाली उतरत नाही."

थोरला गोदामात पाळीवर जायचा. आईशी वाद घालायला त्याला सवड नव्हती आणि छातीही नव्हती. मग सूनच आक्कांना घेऊन कोपऱ्यावरच्या बँकेच्या यंत्राकडे निघाली.

दोघींच्या चालण्याची एक रीत पडून गेली होती. आक्कांचे गुडघे गेलेले. एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या दंडावर. बटवा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून तो लांब बंदाचा बटवा सुनेच्या खांद्याला. दाराबाहेर पडताना आक्का न बोलता तो पुढे करायच्या, सून न बोलता अडकवून घ्यायची. हा बटवा आक्कांनी सख्ख्या बहिणीच्या हाती कधी दिला नव्हता. पण हे सुनेला सांगितलं असतं तर ती डोक्यावर बसली असती, म्हणून सांगितलं नाही.

यंत्र भिंतीत बसवलेलं होतं, दोन पायऱ्या चढून. कुठलं बटण कशाचं, ते सुनेने आक्कांकडून घरीच पाठ करून घेतलं होतं. पायरीशी तिने बटवा परत दिला. "गुप्त आकडा दाबताना मी जवळ नको," म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. आक्कांनी आकडा दाबला, रक्कम दाबली. यंत्र आतल्या आत खडखडलं आणि कार्ड बाहेर आलं. आक्कांनी ते आपल्या शिस्तीप्रमाणे जागच्या जागी ठेवलं आणि वळून पाहिलं, तर नोटांच्या फटीचं तोंड बंद.

"अगं ए, हे तर कोरडंच निघालं! घेणं ठाऊक आहे मेल्याला, देणं नाही."

सून वर आली. "अडकलं असेल. पुन्हा करून बघू."

थंडीने आक्कांची बोटं आखडली होती. त्यांनी आकडा तोंडाने सांगितला, सुनेने दाबला. या खेपेला नोटा आल्या. सुनेने त्या ओढून आक्कांच्या हातात ठेवल्या, आक्कांनी कार्ड घेतलं आणि दोघी भाजी घेऊन घरी आल्या. विषय संपला.

संपला कुठला! दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडून धाकट्याचा फोन आला. आक्कांच्या खात्याचे निरोप धाकट्याच्या मोबाइलवर जायचे. खातं उघडताना आक्कांकडे मोबाइल नव्हता, म्हणून त्याचा नंबर दिलेला. आक्कांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. त्या टेबलाशी बसलेल्या, सून ओट्याशी भाजी चिरत होती.

"आक्का, काल दोनदा पैसे काढलेस?"

"एकदाच मिळाले रे. पहिल्यांदा यंत्र बिघडलेलं होतं."

"बिघडलेलं यंत्र खात्यातून पैसे कसे वळते करेल? दोन्ही वेळचे गेलेत. या महिन्याच्या पेन्शनमध्ये काही उरलं नाही."

"अरे देवा!"

"तू स्वतः दाबलास ना आकडा?"

"पहिल्यांदा मी. मग तिने."

"तिने म्हणजे वहिनींनी? त्यांना आकडा सांगितलास? बघ हं आक्का, मी कुणाचं नाव घेत नाही. पण पैशाला काही पाय फुटत नाहीत. कार्ड कुणाकुणाच्या हातात असतं?"

ओट्यावरची सुरी थांबली.

आक्कांनी एवढंच म्हणायचं होतं, 'गाढवा, तोंड सांभाळ.' असं त्या धाकट्याला दिवसातून चारदा म्हणत आल्या होत्या. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे आला तो सुनेच्या खांद्याला लटकलेला बटवा. सून सरळ होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मन म्हणजे उंदीर, एकदा फट दिसली की शिरणारच. आणि तोंडातून निघालं ते नुसतं, "हं."

सुरी पुन्हा चालू झाली. आधीपेक्षा सावकाश.

फोन ठेवल्यावर सून हात पुसत आली. "आक्का, तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत."

"मी 'हो' तरी कुठे म्हणाले?"

"'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. तेच तर," सून म्हणाली आणि कामाला निघून गेली. दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं तिचं काम. दिवसभर लोकांशी गोड बोलायची. त्या दिवसापासून घरी येऊन आक्कांशीही तसंच बोलायला लागली, काउंटरच्या पलीकडून बोलावं तसं. पाणी हवं का? गोळी घेतली का? बसा, मी वाढते. भांडली असती तर आक्कांना बरं वाटलं असतं. भांडण आक्कांना येत होतं. हे असलं गोड बोलणं म्हणजे साखरेत घोळवलेला चुना.

त्यात थोरल्याने तेल ओतलं. जेवताना म्हणाला, "एवढं काय त्यात! मी भरून देतो ते पैसे. मिटवा आता."

सून ताटावरून न उठता म्हणाली, "तुम्ही भरून दिले म्हणजे मी घेतले हे नक्की झालं. एक पैसा भरायचा नाही."

तिनेच मग आक्कांच्या बँकेला फोन लावला. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. शेवटी एकजण बोलला. आमच्याकडे व्यवहार पूर्ण दिसतोय, म्हणाला. पैसे दिल्याचं तिकडच्या बँकेने कळवलं आहे. तक्रार घेतो, चौकशीला वेळ लागेल. यंत्राची चिठ्ठी आहे का? चिठ्ठी कुठली! सुनेने तक्रार नोंदवली आणि दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली.

"उद्या त्या यंत्राच्या बँकेत जायचं. तुम्ही पण चला."

"माझं काय काम? मला त्यांची भाषा कळत नाही."

"मला कळते. पण यंत्रासमोर पहिल्यांदा तुम्ही होतात, मी नव्हते."

सकाळी दारात आक्कांनी सवयीने बटवा पुढे केला. सुनेने कुलूप लावलं, दंड पुढे केला, बटव्याकडे पाहिलंच नाही. आक्कांनी तो निमूट गळ्यात अडकवला. चालताना तो काठीत अडकत होता, पोटावर आपटत होता. सारा रस्ता जणू तोच बडबडत होता, त्या दोघी नव्हत्या.

बँकेत काचेमागे एक तरुण पोरगी बसलेली. तिने आधी हात झटकले. तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमच्या बँकेने विचारलं की आम्ही उत्तर देऊ. सून हलली नाही. पैसे मागत नाही, म्हणाली, फक्त ते गेले कुठे तेवढं सांगा. मला घरी तोंड दाखवायचं आहे. हे शेवटचं तिने आपल्या भाषेत पुटपुटलं. आक्कांनी ते ऐकलं. नको तेव्हा कान बरे चालतात.

पोरगी जरा मऊ झाली. सुनेने आक्कांकडे वळून विचारलं, "ती विचारतेय, कार्ड बाहेर आल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ठेवलं."

"कसं ठेवलं?"

आता आक्कांना चेव चढला. त्यांचे यजमान कंडक्टर होते. भरल्या गाडीत पैसे हाताळून हयात गेली, पण कधी एक नाणं इकडचं तिकडे झालं नाही. त्यांचा नियम एकच होता, पैशाला हात लावायचा तर आधी पाठ टेकायला काहीतरी शोधायचं. पुढून येणारा चोर दिसतो, मागून येणारा दिसत नाही. आक्कांनी काठी सुनेकडे दिली आणि त्या काचेकडे पाठ करून, तिला टेकून उभ्या राहिल्या. कार्ड रुमालात गुंडाळलं. रुमाल छोट्या पाकिटात, पाकीट बटव्यात. बटव्याचे बंद ओढले, गाठ मारली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सावकाश वळल्या.

"हे असं. आमच्या गावच्या यंत्रात आधी नोटा येतात, मग कार्ड. मी नोटा घ्यायची, कार्ड घ्यायचं आणि पाठ टेकून सगळं एकदम ठेवायचं. इथल्या यंत्राने आधी कार्डच दिलं, तर मी काय करू?"

काचेमागची पोरगी सुनेला काहीतरी म्हणाली. बोलता बोलता तिने हात पुढे केला आणि मागे ओढला. सुनेने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणते?"

"म्हणते, नोटा आल्या होत्या. तुम्ही पाठ करून होतात तेव्हाच आल्या. कुणी घेतल्या नाहीत, म्हणून यंत्राने परत आत ओढल्या. ते फार वेळ थांबत नाही. अशा नोटा आत वेगळ्या पडतात. तपासून तुमच्या बँकेला कळवतील. दिवस लागतील, पण मिळतील."

आक्का खुर्चीवर बसल्या. जन्मभर मागून येणाऱ्या चोराला भ्यायल्या, आणि लक्ष्मी त्यांच्या पाठीमागे येऊन, त्यांची पाठ बघून परत गेली होती. तिथल्या तिथे त्यांनी सुनेला फोन लावायला सांगितलं.

"ऐक रे," त्या धाकट्याला म्हणाल्या. "यंत्राने नोटा परत गिळल्या. तुझ्या आईच्या पाठीमागे गिळल्या. तुझ्या वहिनीचा त्यात काही संबंध नाही."

"अगं, मी कुठे वहिनींचं नाव घेतलं होतं?"

"नाव घेतलं नाहीस, बोट दाखवलंस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ती इथेच आहे. बोल तिच्याशी."

"वहिनी, माझा गैरसमज झाला. राग मानू नका."

"असू दे, भाऊजी," सून म्हणाली. दवाखान्यातल्याच आवाजात.

धाकट्याचं झालं. राहिल्या आक्का. बँकेच्या पायऱ्या उतरताना शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. पण ज्या तोंडाने कुणापुढे माघार घेतली नाही, त्या तोंडाला नवी चाल कशी येणार? त्या म्हणाल्या, "थंडी वाढली, नाही?"

"हो," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सून भाजीला निघाली. आक्का दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी बटवा पुढे केला. सुनेने कुलूप काढून हातात घेतलं, दंड पुढे केला. "तुमच्याजवळच असू दे, आक्का. ते बरं."

आक्कांचा हात तसाच राहिला. मग त्या मागे वळल्या, आत गेल्या आणि बटवा खुंटीला अडकवून रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

"आक्का, पैसे?"

"आज भाजीचे पैसे तू दे."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ह्या घरात आल्यापासून आक्कांनी कुणाच्या पैशाची कोथिंबिरीची काडी घेतली नव्हती. सुनेने आपली पर्स उघडून पाहिली, मिटली, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, "चला."

त्या दिवशी जेवताना पहिला घास आक्कांच्या घशाशी अडला. सुनेने पाण्याचा पेला पुढे सरकवला. या वेळी तिने पाणी हवं का, असं विचारलं नाही. आक्कांनी पाणी पिऊन तो घास खाली उतरवला, आणि दुसरा घ्यायला ताटात हात घातला.