पडद्याच्या दांड्यावर ठेवलेलं पिल्लू

मी लाजवंती बोलतेय. नाव तुम्ही दिलेलं; आम्ही काही लाजत-बिजत नाही. उजेडानं आमचे डोळे दुखतात, म्हणून आम्ही तोंड पोटात खुपसून अंगाचं मुटकुळं करतो, आणि तुम्ही कौतुकानं म्हणता, "अगं बाई, लाजली!" तुमच्या कौतुकाचा मला एवढा जाच झालाय, की आता रागसुद्धा धड येत नाही.

नात्यानं आम्ही माकडांचे, पण फार लांबचे. आम्हाला शेपूट नाही, उडी मारता येत नाही. अंग दोन मुठींएवढं, आणि त्यात निम्मे डोळेच. आमची सगळी मदार पकडीवर. एकदा फांदी धरली की तासन्‌तास सुटत नाही. चाल इतकी सावकाश, की पान हलत नाही आणि बेसावध किड्याला आपण कधी तोंडात गेलो ते कळत नाही. त्याशिवाय झाडाची साल दातांनी खरवडून डिंक खायचा, तो आमचा खाऊ.

माझा जन्म एका उंच झाडावर झाला. आई रोज अंधार पडला की मला आधी चाटायची. आमच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा वास उग्र, आणि तो रस थुंकीत मिसळला की त्याचं विष होतं. आई ते माझ्या अंगाला चोळायची, म्हणजे कुणी मला तोंड लावू नये. मग मला एका बारीक डहाळीवर ठेवायची आणि पोटापाण्याला जायची. मी हलायचं नाही, ओरडायचं नाही, तिथंच थांबायचं. उजाडायच्या आत ती स्वतःच्याच वासाच्या खुणा हुंगत परत यायची आणि मला पोटाशी घ्यायची. आमच्यात पोरं अशीच वाढतात.

एकदा ती यायच्या आधी दोन माणसं आली. त्यांच्या बॅटरीच्या उजेडात माझे डोळे चमकले आणि मी सापडले.

"अरे, हिला आईनं टाकलेली दिसतेय," एक म्हणाला.

"मग बघतोस काय, घे!" दुसरा म्हणाला.

मी डहाळी सोडेना. ओढून ओढून तो कंटाळला आणि शेवटी त्यानं मला डहाळीसकट तोडलं. आई परत आली असेल तेव्हा तिथं काय उरलं असेल, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पुढं मी प्राणी विकणाऱ्याच्या दुकानात, मागच्या बाजूच्या पेटाऱ्यात वाढले. दात आले तसे त्यानं ते काढले. काढले म्हणजे काय, एका हातानं मान आवळली आणि दुसऱ्या हातातल्या नेलकटरनं पुढचे दात एकेक करून हिरडीपाशी तोडले. आमचं विष दातांवाटेच उतरतं, त्यामुळं गिऱ्हाइकाच्या बोटाची काळजी मिटली. त्याच पेटाऱ्यात एक नर होता, त्याचेही दात तसेच गेलेले. आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर डोकं टेकून झोपायचो. एके दिवशी मला उचललं, आणि तो तिथंच राहिला.

मला घेतलं ते एका पार्लरवाल्या बाईनं. "हिला पुढचे दात नाहीत का हो?" असं तिनं विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "जातच तशी असते, ताई." तिला ते पटलं. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनं माझं नाव ठेवलं बटण. पार्लरमध्ये आरशांच्या शेजारी, भगभगीत ट्यूबलाइटखाली माझा पिंजरा टांगला. ऐन झोपेच्या वेळी मला बाहेर काढून गिऱ्हाइकांच्या मांडीवर ठेवायचे. कुणी काखेत गुदगुल्या केल्या की मी दोन्ही हात डोक्यावर न्यायची. कोपरातलं विष जिभेवर घ्यायला आम्ही हात असेच वर करतो. आमच्यात त्याचा अर्थ "मागं हो" एवढाच. पण फोन बाहेर निघायचे आणि हशा पिकायचा.

"बघा, बघा, हात वर करून आणखी मागतेय! भारी लाडोबा आहे हो आमची!"

मी एकदा खरंच चावले. नुसत्या हिरड्याच लागल्या. बाईची सासू दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीत टॉवेलच्या घड्या घालत बसलेली असायची. ती म्हणाली, "माझ्यासारखंच बोळकं झालंय गं हिचं." सगळ्या पोट धरून हसल्या. त्या वेळी खुर्चीत कुणाचीतरी नखं कापणं चालू होतं. नेलकटर वाजलं की माझी पाचावर धारण बसायची, आणि त्या पार्लरमध्ये ते दिवसभर वाजायचं.

पार्लर बंद झाल्यावर मात्र बाई मला मागच्या खोलीत मोकळं सोडायची. तिथं टॉवेलचं कपाट होतं, एक खिडकी होती, खिडकीवर पडद्याचा लाकडी दांडा होता. तो दांडा म्हणजे माझं अख्खं रान. हातापायांना मूत लावून मी त्यावर माझ्या वाटेच्या खुणा करायची. सकाळी बाई नाक दाबून फिनेलनं सगळं पुसून काढायची, आणि संध्याकाळी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला पेटाऱ्यातल्या नरापासून दिवस राहिले होते. कुणाच्या लक्षातच आलं नाही. "केळी मानवलीत हिला," सासू म्हणायची. मग टॉवेलच्या कपाटात माझी पोर जन्मली. बाईनं सकाळी दार उघडलं, पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिचं स्वतःचं मूल तान्हंच होतं. ती त्याला रोज शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघरात ठेवून कामावर यायची आणि कुलूप लावलं की धावत घ्यायला जायची. सासूला ते खुपायचं.

"दिवसभर परक्याच्या दारात टाकतेस लेकराला. बघवत नाही."

एरवी सगळं निमूट ऐकून घेणारी बाई त्या एका गोष्टीवर फणकारायची. "टाकत नाही, सासूबाई, ठेवते! आणि घ्यायला जाते की नाही रोज? टाकणं वेगळं असतं."

मला माणसांचं फार काही पटत नाही, पण हे पटलं. ही आपल्यातलीच आहे, असं वाटलं. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

पोर आठवडाभर पोटाला चिकटून होती. पण मला दूध उतरायला नुसती केळी पुरेनात, किडे हवे होते, आणि झुरळं मिळायची ती खाली मोरीत. ओल्या फरशीवर तिला घेऊन उतरणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी, पार्लर बंद झाल्यावर, मी तिला दांड्यावर नेलं. आधी चाटलं. कोपरातलं विष तिच्या पाठीला, मानेला, पोटाला नीट लावलं. दात गेले तरी तेवढं मला करता येत होतं. तिनं चारी पंजांनी दांडा धरला. ती हलली नाही, ओरडली नाही. कुणी न शिकवता तिला ते येत होतं. मला तिचा अभिमान वाटला. मी खाली उतरले.

त्याच संध्याकाळी बाई विसरलेला फोन न्यायला परत आली. कडेवर तिचं मूल, मागं नवरा. तिनं खोलीतला दिवा लावला. दांड्यावर एकटी पोर, आई कुठं दिसत नाही. मी मोरीच्या दाराआड होते, आणि उजेड पडल्याबरोबर गोठून गेले. आमच्या अंगाला तेवढंच माहीत आहे, घाबरलं की गोठायचं.

"अगं बाई गं! टाकलं हिनं पिल्लाला!"

"टाकलं कशावरून? जरा थांबून बघू या की," नवरा म्हणाला.

"थांबून काय, मेल्यावर बघू या? कशी आई आहे ही! द्या तो टॉवेल."

पोर दांडा सोडेना. बाईनं एकेक बोट उकलून तिला सोडवलं, अगदी हळुवारपणे. मी उजेडात निघाले, जमेल तेवढ्या घाईनं. पण माझी घाई म्हणजे तुमचं रेंगाळणं. मी पडद्याशी पोचले तोवर दार लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पोर समोरच्या टेबलावर, चपलांच्या खोक्यात, दिव्याच्या उबेत. मी पिंजऱ्यात. "पुन्हा काही करायला नको हिनं," म्हणून दाराला तार बांधली होती. बाई ड्रॉपरनं तिला गाईचं दूध पाजायची, रात्री घरी न्यायची, स्वतः जागायची. तिनं कशातही कसूर केली नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पोरीला हातात घेऊन बघायचं, आणि मी लावलेलं विष बाईनं शांपूनं धुऊन टाकलं होतं. पोर मला हाक मारायची. तो आवाज इतका बारीक असतो, की तुमच्या कानाला तो लागतच नाही. मी ओ द्यायची. पार्लरमध्ये गाणी चालू असायची. माझं दूध माझ्या पोटावर ओघळून वाळलं, ते कुणीतरी ओल्या कापसानं पुसलं.

मग एका दुपारी हाक थांबली.

बाई हमसून हमसून रडली. खिडकीतल्या कुंडीत तिनं पोरीला पुरलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, "आईनंच टाकल्यावर कसं जगणार हो ते?" आणि गिऱ्हाइकं माझ्याकडं वळून बघायची.

त्याच आठवड्यात तिनं मला छातीशी धरायला हात पुढं केला. मी दोन्ही हात वर केले, कोपर चाटलं, होतं नव्हतं ते सगळं विष तोंडात गोळा केलं.

"बघा, कुशीत येतेय," बाई रडत म्हणाली. "तिलाही वाईट वाटतंच ना हो."

आता माझ्या हिरड्यांत पू झालाय. केळं तोंडात धरवत नाही. संध्याकाळी मला सोडतात तेव्हा मी पडद्यावरून दांड्यावर चढते. चढायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो. फिनेलच्या वासावर मी पुन्हा माझी खूण करते, तिला ठेवलं होतं त्या जागेपर्यंत, आणि तिथं बसते. सहाच्या ठोक्याला पुढं पार्लरमध्ये बाईची धावपळ ऐकू येते. ती कुलूप लावते आणि पाळणाघराकडं पळते. तिचं मूल तिला रोज जागेवर सापडतं. सापडू दे. त्याचं वाईट मी चिंतत नाही.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. कधी रात्री झाडाखालून जाताना वर एखादं एकटं पिल्लू दिसलं, डोळे मोठे, फांदीला घट्ट धरून बसलेलं, तर दिवा विझवा आणि पुढं चला. त्याला कुणी टाकलेलं नाही. त्याची आई वाटेवर आहे, फक्त तिला चालायला वेळ लागतो.