मीठ लावलेली टरफलं

"देशकर, प्रयोग बोर्डावर लिहून द्या. रंग तांबडा येतो म्हणून सांगा, मुलं लिहून घेतील," प्रिन्सिपॉल म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

कमलाकांत देशकर टेबलासमोर उभेच राहिले. अमरावतीच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण न पाहिलेला रंग त्यांनी कधी कुणाला लिहू दिला नव्हता. युद्ध पेटलं तशी जर्मनीची रसायनं यायची बंद झाली आणि कपाटातल्या बाटल्या एकेक करून तळाला गेल्या. आता शनिवारी नागपूरहून तपासनीस येणार होते. प्रयोग होत नाहीत असं दिसलं की वर्ग बंद, मग ज्याला ऐपत असेल त्याने नागपूर गाठावं. प्रिन्सिपॉलांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वर्ग गेला तर त्यांच्या डोक्याचा ताप तेवढाच कमी होणार होता.

"सांगून रंग येत नाही," कमलाकांत म्हणाले. "शनिवारी प्रयोग होईल."

वर्गात जाऊन त्यांनी मुलांना सांगितलं, की सरकीच्या टरफलात एक साखर दडलेली असते. सौम्य आम्लात उकळली की तिच्यातून पाणी निघून जातं आणि बदामाच्या वासाचं एक तेल वाफेबरोबर बाहेर येतं. फरफ्युराल त्याचं नाव. बाटलीत उरलेल्या ॲनिलिनचा एक थेंब कागदावर घेऊन ती वाफ लागू दिली, की कागद तांबडा होतो. जर्मनी बंद झाली असेल, वऱ्हाड अजून बंद झालेलं नाही, असंही ते बोलून गेले.

टरफलं आणायचं वच्छलाने अंगावर घेतलं. नांदगाव खंडेश्वरच्या खुशालरावांची ही मुलगी मावशीकडे राहून शिकत होती आणि वर्गात ती एकटीच मुलगी होती. वडिलांनी तिला बजावून ठेवलं होतं, अमरावतीत आहे तोवर शिक, बाहेरगावी शिकायचं नाव काढू नको. घरच्या बैलांसाठी अकोल्याच्या तेलगिरणीतून टरफलं येत, त्यातलंच पोतं तिने मागवलं. ते उशिरा आलं, शनिवारी सकाळी.

कमलाकांतांनी पोत्यात हात घातला तर बोटांना पांढरं लागलं. त्यांनी जिभेवर ठेवून पाहिलं. मीठ होतं. वच्छलाचा चेहरा उतरला. घरच्या गड्याने, नत्थुजीने, बैलांनी आवडीने खावं म्हणून खारं पाणी शिंपडलेल्या ढिगातलंच पोतं भरून धाडलं होतं. दारात तपासनीस आणि प्रिन्सिपॉल येऊन उभे होते. दुसरी टरफलं आणायला वेळ नव्हता.

"तसंच भर," कमलाकांत म्हणाले. त्यांनी चंबू तिच्यापुढे धरला.

आदल्या दिवशी बाजारात मिळालेल्या मूठभर स्वच्छ टरफलांनी त्यांना तासभर ताटकळत ठेवलं होतं आणि जेमतेम गुलाबी छटा दाखवली होती. आज तपासनिसांचा चष्मा पुसून होतो न होतो तोच कागद तांबडाभडक झाला. तपासनीस पुढे वाकले. इतक्या लवकर कसं, असं त्यांनी विचारलं. कमलाकांतांनी वच्छलाकडे पाहिलं.

ती म्हणाली, "मिठाचं पानी जास्त तापल्याशिवाय उकळत नाई, साहेब. जास्त तापलं तर टरफल लवकर फुटते. चूक आमच्या गड्याची हाये, पन कामाची निघाली."

तपासनीस मनापासून हसले. मग कमलाकांतांना बाजूला घेऊन, खाली बघत त्यांनी सांगितलं, की वर्ग नागपूरला हलवायचं आधीच ठरलेलं आहे. आपली ही भेट केवळ रीत म्हणून.

कमलाकांतांना संताप आला. तो गिळून त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "मग बसा. माझा तास संपायचाय."

आणि त्यांनी खडू उचलला. साखरेतून पाण्याचे तीन रेणू निघून रिंग कशी बनते, ते ते बोर्डावर पायरीपायरीने मांडू लागले. तपासनिसांना निमूट बसून ऐकावं लागलं. दुसरा रेणू निघाला आणि घंटा झाली.

सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप होतं. कमलाकांतांकडे पहिल्या वर्षाचे वर्ग आले.

पुढच्या रविवारी सकाळी वच्छला मावशीला घेऊन त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. दोन दिवसांनी तिचे वडील तिला न्यायला येणार होते. कमलाकांतांना तिच्याकडे बघवेना. आपल्या हातून काही झालं नाही, आता पदवी काही मिळायची नाही, असं ते कसंबसं बोलले.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "पन सर, तिसरं पानी कसं निंगते ते राहिलं. अर्धं घेऊन मी जात नाई."

कमलाकांतांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात फळा नव्हता. दिवाळीला चुना दिलेली अंगणातली भिंत तेवढी पांढरीशुभ्र होती. त्यांच्या पत्नी, सत्यभामाबाई, चुलीपाशी गेल्या, एक विझलेला कोळसा उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात ठेवला आणि वच्छलाला पाट मांडून दिला.

कमलाकांतांनी कोट घातला, बटणं लावली आणि ते भिंतीकडे वळले.