अजगराच्या दाराला कुंकू

सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे, हे एका अर्थी बरंच. नाहीतर अरुणानं तो अजगर यिशुन भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणून त्याला बेडरूम दिली असती आणि तिच्या सासूबाईंनी, आशालताबाईंनी, मिळेल त्या विमानानं पुणं गाठलं असतं.

अजगर चांगला पंधरा फुटी, गटारात सापडलेला. एका डोळ्यानं आंधळा, म्हणून रानात सोडायची सोय नाही. सेम्बावांगच्या एका प्राणी-केंद्रानं त्याला आसरा दिला, पण पठ्ठ्यानं दोन पिंजऱ्यांची दारं ढकलून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी केंद्र चालवणारा अभय म्हणाला, "चार दिवसांत पक्का पिंजरा झाला तर ठेवू. नाहीतर पाचव्या दिवशी डॉक्टर येतील आणि त्याला इंजेक्शन देऊन मारावं लागेल."

अरुणा तिथे सुट्टीच्या दिवशी मदतीला जायची, एरवी तुआसच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायची. ते आंधळं ध्यान मरणार म्हटल्यावर तिनं रजा टाकली आणि पिंजरा स्वतः पुरा केला. पोलादी चौकट, उबेचा दिवा, अंग बुडवायला टब, जाड काचेचं दार, दाराच्या कडेनं रबराची पट्टी. आता दार घट्ट बसतंय का, तेवढं बघायचं. जहाजाच्या मालकोठारावरच्या झाकणांना करतात तेच करायचं. चौकटीला खडू फासून दार लावायचं आणि उघडायचं. रबरावर रेघ अखंड उमटली तर दार पक्कं, तुटली तर तिथे फट.

खडू मात्र बाईसाहेब गोदीतच विसरल्या होत्या.

आशालताबाई डबा घेऊन खोलीच्या दाराबाहेर बसल्या होत्या. मुदतीचा तो शेवटचा दिवस आणि नेमकी नागपंचमी. "नाग नसेना का, भाऊबंद तर आहे," म्हणून त्या हळदकुंकू, दूध आणि पुरणाची दिंडं घेऊन आल्या होत्या. अजगराचं नाव तोंडाने घ्यायच्या नाहीत, 'ते लांबडं' म्हणायच्या.

"आई, तो दूध पीत नाही हो," अरुणा म्हणाली. "पण तुमचं कुंकू द्या."

ओलं कुंकू चौकटीला लागलं, दार मिटलं, उघडलं. रबरावर लाल रेघ उमटली, पण वरच्या कोपऱ्यात तुटलेली. अभयनं लगेच कटर उचललं. "चौकट कापून नीट जोडू."

"आज कापायचं नाही," आशालताबाई म्हणाल्या. "नागपंचमीला आम्ही विळीलासुद्धा हात लावत नाही."

अरुणा मनातून चिडली. इथे जीव जायची वेळ आलीय आणि ह्यांचं सोवळं! पण सासूशी वाद म्हणजे दगडावर डोकं, म्हणून ती मुकाट्यानं न कापता काय करता येईल ते बघू लागली. दार किंचित कललेलं दिसलं. तिनं खालच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले, मागे एक वॉशर सारला, पुन्हा आवळले. पुन्हा कुंकू लावलं. ह्या वेळी रेघ चारी बाजूंनी सलग आली. चौकट सरळच होती; ती कापली असती तर वाकडी होऊन पिंजरा कायमचा हातचा गेला असता, हे तिला तेव्हा कळलं.

अजगर आत गेला. त्यानं कडेकडेनं नाक घासलं, दाराला सगळ्या अंगाचा रेटा दिला. दार हललं नाही. दुपारभर ढकलून शेवटी तो दिव्याखाली वेटोळं घालून पडला. अभयनं डॉक्टरला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. अरुणाला हसूही येत होतं आणि रडूही.

आशालताबाईंनी डबा उघडून आधी सुनेच्या हातावर दिंड ठेवलं. मग पुण्याला बहिणीला फोन लावला आणि अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, आमच्या अरुणानं अजगर पाळलाय."