ललिता गवस विरुद्ध ललिता गवस

ललिता गवस चोवीस वर्षं दादरच्या फुलबाजारात वेण्या बांधत आली होती. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, खाली न बघता गाठ मारून मोकळी. त्या बोटांनी वैशाखात संपच पुकारला. सांधे टम्म सुजले, दोरा धरवेना, अंगात कणकण, मांडीवर लाल चट्टे. नवरा नाही, मूल नाही. बोटं गेली की घोडपदेवची खोली सोडून गावी दिराच्या दारात जाऊन बसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परळच्या डॉक्टर प्राची मॅडम मोठ्या हुशार. त्यांनी बोटं दाबली, रिपोर्ट चाळले आणि ऑटोइम्यून म्हणून सांगितलं. शेजारच्या मीराबाईला ते काही पटेना. आपल्या इकडे ऑटो येतच नाही, सगळ्या टॅक्सी, मग हा रोग हिला भेटला कुठे, असं तिचं म्हणणं. शेवटी ललिताने मॅडमचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"तुमचं शरीरच तुमच्याशी भांडतंय. गोळ्या आता जन्मभर."

झालं. भांडण हा शब्द हितेंद्रच्या कानावर पडायचा अवकाश. हितेंद्र म्हणजे चाळ कमिटीचा सेक्रेटरी, पोस्टातून रिटायर झालेला, नियमाला चिकट माणूस. नळावरचं भांडण असो की वाळत घातलेल्या चादरीवरचं, आधी कमिटीपुढे यायचं, समेट व्हायचा, मग काय ते बाहेर. त्याने छापील अर्ज काढला. वादी, ललिता गवस. प्रतिवादी, ललिता गवस यांचं शरीर, राहणार तिथेच.

रविवारी सभा भरली. वादीने उजव्या खुर्चीवर बसायचं आणि प्रतिवादीने डाव्या, म्हणून ललिता दोन्ही खुर्च्यांवर अर्धी अर्धी बसली. सही करायला पेन दिलं तर ते तिच्या बोटांत ठरेना. प्रतिवादी सहकार्य करत नाही, अशी हितेंद्रने लगेच नोंद केली. लोक खदखदून हसले, ललिताही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पन्नास वर्षं या देहाला मासे-भात घातला, दुखलं खुपलं की तेल चोळलं, काय कमी केलं होतं मी याचं, म्हणून ती विचारू लागली. मग कोणी हसलं नाही.

हितेंद्रने अर्जातला पाचवा प्रश्न वाचला. भांडण कधी लागलं, आणि लावून देणारा तिसरा कोण? कोणीच नाही, ललिता म्हणाली. पण रकाना रिकामा सोडणाऱ्यातला हितेंद्र नव्हे. भांडण आपोआप लागलेलं आपण तरी अजून बघितलं नाही, नीट आठवा, म्हणून तो अडूनच बसला. तेव्हा कुठे ती आठवत म्हणाली की चैत्रात गावी, दोडामार्गला, काजू गोळा करताना गुडघ्याच्या मागे एक गोचीड डसली होती. नखाने उपटून फेकून दिली. आठवड्याने ताप आला. गोचीड काय, गावी सगळ्यांनाच डसते, ती डॉक्टरला कोण सांगत बसणार?

हितेंद्रने लिहिलं, तिसरी पार्टी, गोचीड, मुक्काम दोडामार्ग, सध्या बेपत्ता.

इतिवृत्ताची प्रत सर्व संबंधितांना द्यायची असा नियम, त्यामुळे तो शिक्का मारून ती घेऊन थेट परळला गेला. मॅडम वाचताना हसू लागल्या, पण पाचव्या प्रश्नाशी येताच त्यांनी ललिताला बोलावून घेतलं. पुन्हा रक्त घेतलं. गोचिडीच्या चाव्यातून शिरलेला जंतू निघाला. आधीच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या.

"शरीर तुमच्याशी भांडत नव्हतं हो, तुमच्यासाठी भांडत होतं," मॅडम म्हणाल्या. "मीच विचारायला चुकले."

श्रावणात ललिताने पहिली वेणी बांधली. वेळ लागला, पण गाठ घट्ट बसली. गिऱ्हाइकाने हात पुढे केला तर ती देईना. तिने ती आपल्याच मनगटाला गुंडाळली. बाजारात आलेल्या हितेंद्रने, हे काय बाई, तमाशाला निघालात का, म्हणून चेष्टा केली.

ललिता मनगट कुरवाळत राहिली. "एवढे महिने याला शिव्या घातल्या हो भाऊ," ती म्हणाली. "माफी मागायला रिकाम्या हाताने कशी जाऊ?"